चार वाजताचं वाचन

"ऐका हो भैरूनाना, आज तुम्हांला काय काय दिलं ते सांगते. बरोबर असेल तर मान हलवा, चुकलं तर हात वर करा. झोपलात तर उद्या पुन्हा सांगीन, पण तोवर तुमचा कागद खाली जायचा नाही."

हा आवाज उत्कर्षानं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. बिबवेवाडीतल्या साठ खाटांच्या त्या हॉस्पिटलात तिचे वडील न्यूमोनियानं पडले होते आणि खाटेच्या पायथ्याशी, हातात जाड वही धरून, मैना सिस्टर उभ्या होत्या. आवाज काही गोड नव्हता. जरा खरखरीतच होता. पण जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे पडावेत तसा एका लयीत पडायचा. "सकाळी सहाला सलाईन, डाव्या हाताला. आठला इंजेक्शन, ज्याला तुम्ही ओरडलात. दहाला वाफ. दुपारी एकला पुन्हा वाफ. वरणभात दिला, त्यातला भात तुम्ही खाल्लात, वरण लेकीला पाजलंत. ते बिलात येणार नाही, काळजी करू नका."

नाना मान हलवायचे. ते मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर तोलाईचं काम करायचे. आयुष्यभर काट्याकडे बघून बघून माणसाकडेही तसंच बघायची सवय लागलेली. सिस्टर पुढच्या खाटेकडे वळल्या तेव्हा ते लेकीला हळूच म्हणाले, "पोरी, ही बाई काटा मारीत न्हाई."

त्याला आता बारा वर्षं झाली. नाना बरे होऊन घरी गेले, काटा दुसऱ्याच्या हाती देऊन निवांत झाले. उत्कर्षा बी.कॉम. झाली आणि त्याच हॉस्पिटलात तळमजल्यावर, बिलाच्या खिडकीत येऊन बसली. स्वारगेटला एका बँकेच्या शाखेत थोड्या जास्त पगाराची जागा मिळत होती. ती सोडून इथं का, हे घरी कुणाला कळलं नाही. रोज दुपारी चारला दुसऱ्या मजल्यावरून जिन्यातून तो आवाज खाली झिरपायचा, आणि हिशेब करता करता तिची मान आपोआप हलायची.

मैना सिस्टरांच्या दोन नंबरच्या वॉर्डात तीन गोष्टी होत्या ज्या इतर कुठल्या वॉर्डात नव्हत्या. पहिली म्हणजे हे चारचं वाचन. भेटायची वेळ चार ते सहा. नातेवाईक डबे घेऊन आले की त्यांच्या देखत, कालच्या चारपासून आजच्या चारपर्यंत त्या माणसाला काय दिलं, काय टोचलं, काय तपासलं, हे सिस्टर खाटेखाटेशी उभं राहून मोठ्यानं वाचायच्या. पेशंटनं हो म्हटलं की मगच तो कागद खाली बिलाला. दुसरी गोष्ट म्हणजे पिशव्या. जुन्या चादरी फाडून, घरच्या मशिनीवर शिवलेली एकेक पांढरी पिशवी प्रत्येक खाटेला टांगलेली असायची. न फोडलेली सलाईनची बाटली, उरलेल्या गोळ्या, न वापरलेली सुई, सगळं तिच्यात. पेशंट घरी जायच्या आधी पिशवी खाली मेडिकलमध्ये परत आणि तेवढे पैसे बिलातून वजा. तिसरी गोष्ट वहीतली. दिवसाचं लिहून झालं की पानावर खाली जेवढ्या ओळी कोऱ्या राहतील तेवढ्यांवर सिस्टर पट्टीनं एक तिरकी रेघ ओढायच्या. भांग पाडावा इतकी सरळ.

डॉक्टर मंडळी ह्याला 'सिस्टरांची कथा' म्हणायची. नव्या आलेल्या नर्सेस कुरकुरायच्या. एकदा पूर्वा नावाची एक पोरगी तोंडावर बोलली, "सिस्टर, एवढं वाचत बसायचं तर काम कधी करायचं?"

"वाण्याकडून साखर आणतेस तर पावती घेतेस ना?" सिस्टर वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "हा माणूस तर अंग घेऊन आलाय. त्याला पावती नको?"

वॉर्डाच्या दारावर त्यांच्या अक्षरात एक पाटीही होती. 'पेशंट झोपला असेल तर उठवू नये. पेशंटला झोप येत नसेल तर त्याचे कारण बहुधा आपण आहात.' नातेवाईक आधी रागवायचे, मग हसायचे, मग हळू बोलायचे.

अशा ह्या बाईंच्या हातून बत्तीस वर्षांत एकच गहाळपणा झाला, आणि तो मायेपोटी झाला.

आठ महिन्यांपूर्वी हॉस्पिटलात नवं सॉफ्टवेअर आलं. आता कागद खाली पाठवायचा नाही, वॉर्डातूनच नोंदी कॉम्प्युटरात भरायच्या असा हुकूम निघाला. सिस्टरांना सत्तावन्न सरत आलेलं. लहान बाळाची शीर एका टोचणीत सापडणारं त्यांचं बोट कीबोर्डावर मात्र हरवून जायचं. दोन दिवस झटापट केल्यावर त्या खाली आल्या आणि एक चिठ्ठी उत्कर्षापुढं ठेवली.

"हा माझा पासवर्ड. मी वहीत लिहीन, वाचून दाखवीन, कागद पूर्वीसारखा तुझ्याकडं धाडीन. तू यंत्रात चढव. तू चढवलंस काय न् मी चढवलं काय."

वहीतली एक कोरी ओळ कुणासाठी मोकळी न सोडणाऱ्या बाईनं आपलं सबंध नाव असं चिठ्ठीवर लिहून देऊन टाकलं. उत्कर्षाला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की घरी जाताना तिनं नानांसाठी पावशेर जिलबी घेतली.

त्याच महिन्यात हॉस्पिटलला नवे व्यवस्थापक आले, बद्रीनाथ तांगडे. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, सगळ्यांच्या मुलाबाळांची नावं पाठ. एका दुपारी ते उत्कर्षाच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"हा पेशंट कॅशलेस आहे ना? ह्याला वाफ लाव. दिवसातून चारदा."

"सर, हा डेंग्यूचा आहे."

"मग? डेंग्यूवाला श्वास घेत नाही का?" स्वतःच्या विनोदावर ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बघ, विमा कंपनी बिलातले वीस टक्के कापतेच. आपण पंचवीस आधीच वाढवून ठेवायचे. पेशंटच्या खिशाला हात लावतोय का आपण? त्याला एक रुपया भरायचा नाही. आणि हे तुझ्या लॉगिनवरून नको, वॉर्डाच्या कर. वॉर्डातून आलेल्या नोंदीला कुणी हटकत नाही. त्यातून दोन नंबरचा वॉर्ड असेल तर नाहीच नाही. मार्चमध्ये तुझं पर्मनंटचं बघतोच आहे मी."

उत्कर्षानं चिठ्ठी काढली. पहिल्या दिवशी तिनं एकच नोंद तीनदा पुसून पुन्हा लिहिली. दहाव्या दिवशी एकदाही पुसली नाही, आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. पण अकराव्या दिवशी गेलं. चारचं वाचन जिन्यातून खाली यायचं तसं येतच होतं. तिनं खिडकीजवळचा पंखा मोठा करून ठेवला.

नोव्हेंबरात एका दुपारी खिडकीशी दोघं जण आले. पुरुष खाकी पॅन्टमधला, वॉचमनचा बिल्ला खिशाला तसाच. बाई नऊवारीतली, एक हात उजव्या बरगडीखाली धरलेला. ज्ञानदेव आणि त्यांची बायको राधा. खडकवासल्याहून निघून स्वारगेटला बस बदलून आलेले. ऑगस्टात ज्ञानदेव डेंग्यूनं पाच दिवस इथंच, दोन नंबरात होते.

"ताई, भांडायला नाय आलो," ज्ञानदेव म्हणाले. "आमच्या कारखान्याचा इमा हाय, घराला मिळून वर्साला दोन लाख. हिच्या पित्तात खडे निघालेत, डॉक्टर म्हन्ले काढायला पायजेत. आन् कारखान्यातला साहेब म्हन्तो, तुमचे बासष्ट हजारच उरलेत. माझ्या पाच दिवसांत एक लाख अडतीस हजार गेले म्हनं. येवढं काय झालं व्हतं मला? तेवढं समजून सांगा."

उत्कर्षानं बिल पडद्यावर काढलं. ती मोठ्यानं वाचत गेली. सलाईन, रक्ततपासण्या, खाटेचं भाडं. मग वाफ, वीस वेळा. छातीची फिजिओथेरपी, दहा वेळा. मॉनिटर, पाच दिवस. हातमोजे, साठ जोड. एक महागडं इंजेक्शन, दिवसातून तीनदा.

"वाफ म्हंजी ते तोंडाला लावत्यात ते?" राधाबाईंनी विचारलं. "ते ह्यांना न्हाई लावलं. शेजारच्या खाटंवरच्या बाबांना लावायच्या."

"काकू, पाच दिवसांतलं सगळं आठवत नसतं..."

"आठवतं की!" राधाबाई म्हणाल्या. "सिस्टरबाई चारला वाचायच्या. घरून सासूबाईंचा फोन यायचा, काय काय दिलं माझ्या लेकाला म्हनून. मला लिवता येत न्हाई. मग मी त्याची ववीच केली, दळताना करत्यात तशी." आणि त्या बिलाच्या खिडकीशी, मागं रांग उभी असताना, डोळे मिटून बारीक आवाजात म्हणू लागल्या,

"सोमवारच्या गं पारी, लावली दोन सलाईन,
दुपारी मोजला ताप, भरला एकशे तीन.
दिस मावळता बाई, गोळी पाण्यासंगं दिली,
मंगळवारी पहाटे, रक्ताची शिशी नेली.
बुधवारी वाढल्या पेशी, सुई हातची काढली,
एक बाटली उरली, ती गं पिशवीत ठेवली."

शुक्रवारपर्यंतचं सगळं त्यांनी म्हटलं. दोन सलाईनं, चार गोळ्या, रोजचं रक्त, दोनदा लिंबूसरबत. रांगेतला एक माणूस नकळत ताल धरून उभा होता. त्या सगळ्या ओव्यांत वाफ कुठंच नव्हती.

"बासष्टात व्हईल का ऑपरेशन?" ज्ञानदेवांनी विचारलं.

"नाही. नव्वदच्या पुढं जाईल."

"मग ऱ्हाऊ द्या," राधाबाई म्हणाल्या. "एप्रिलात नवा इमा सुरू हुतो. तवर मी ओवा खाऊन काढीन." आणि बरगडीखालचा हात त्यांनी घट्ट दाबला.

उत्कर्षानं त्या दिवशी अर्धंच काम केलं. तांगडे साहेबांनी मना केलेलं होतं, तरी तिनं सगळ्या नोंदी मांडलेलं पाच पानी बिल छापलं, शिक्का मारला आणि ज्ञानदेवांच्या हातात दिलं. "हे तुमच्या साहेबांना दाखवा," एवढंच म्हणाली. उरलेलं अर्धं तिच्या जिभेवर होतं. ते तिनं गिळलं आणि पुढच्या माणसाला विचारलं, "बोला, कोणता पेशंट?"

कारखान्याच्या साहेबांनी ते बिल विमा कंपनीला पाठवलं. पंधरा दिवसांत कंपनीचं पत्र आलं, की चौकशीला आमच्या डॉक्टर येतील, वॉर्डाच्या वह्या काढून ठेवाव्यात. तांगडे साहेबांनी पत्र वाचलं, पाणी प्यायले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना वाट सापडलेली होती. सगळ्या जादा नोंदी मैना सिस्टरांच्या नावावर होत्या.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी उत्कर्षाला केबिनमध्ये बोलावून एक टाईप केलेला कागद दाखवला. 'वयोमानानुसार माझ्या हातून नजरचुकीने जादा नोंदी झाल्या, त्यास मी सर्वस्वी जबाबदार आहे.' खाली सिस्टरांचं नाव, सहीची जागा मोकळी.

"मार्चमध्ये तशाही रिटायर होतायत," ते म्हणाले. "सही केली तर हार, नारळ, भाषण. नाही केली तर नर्सिंग कौन्सिलकडं तक्रार. बत्तीस वर्षांची नोकरी, आणि शेवटी पेपरात नाव. कुणाला आवडेल? तू उद्या फक्त कॉम्प्युटर चालवायचा. तोंड चालवायचं नाही. तुझंही पोट आहे, नानांचं औषध आहे."

"सर, पण त्या..."

"चार वाजले, बघ. सिस्टरांची कथा सुरू झाली असेल. जा, ऐकून ये. आता थोडेच दिवस."

ती खरंच गेली. कितीतरी महिन्यांनी ती दुसऱ्या मजल्यावर चढली. वॉर्डात खिडक्यांतून उन्हाचे पट्टे खाटांवर पडले होते, डब्यांची झाकणं उघडत होती, मेथीचा वास येत होता. मैना सिस्टर मुक्ताई नावाच्या आजींच्या पायथ्याशी उभ्या होत्या. उद्या आपल्यावर काय यायचंय हे त्यांना ठाऊक होतं. पत्राची एक प्रत त्यांनाही मिळाली होती. पण आवाजात त्याचा मागमूस नव्हता.

"मुक्ताई आजी, सकाळी नऊला इंजेक्शन, कमरेला."

"न्हाई," आजी म्हणाल्या.

"दिलं की हो. मीच दिलं."

"कमरंला न्हाई. कमरंच्या खाली."

सगळा वॉर्ड हसला. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन काढलं, 'कमरेला' खोडलं, बाजूला नीट शब्दांत दुरुस्ती केली, आपली आद्याक्षरं घातली आणि म्हणाल्या, "बरोबर. माझं चुकलं. पुढं. अकराला सलाईन, एक. दुसरी आणली होती, लावली नाही. ती ह्या पिशवीत आहे, सूनबाईंनी बघून घ्यावी."

सूनबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं, बाटली हातात घेऊन परत ठेवली. सिस्टरांनी वही खाटेच्या दांडीवर टेकवली, पट्टी ठेवली आणि उरलेल्या ओळींवर रेघ ओढली. हात जराही हलला नाही. उत्कर्षा दाराशी उभी राहून बघत होती. तिला वाटलं, ह्या बाईंना देव मानणारे पेशंट कितीतरी असतील, पण ह्यांनी कधी कुणाकडून नमस्कार घेतला नाही. घेतली ती फक्त मान हलवलेली. ते एवढंसं होकार देणं मिळवायला त्या बत्तीस वर्षं, रोज वीस-बावीस खाटा, दोन तास उभ्या राहिल्या. शिरा फुगलेल्या पायांवर.

वाचन संपल्यावर सिस्टर तिच्याकडं आल्या.

"काय गं? इतक्या दिवसांनी जिना सापडला?"

"तसं नाही सिस्टर."

"काही सांगायचंय का?"

उत्कर्षानं तोंड उघडलं. मग म्हणाली, "उद्या वह्या लागतील. तेच सांगायला आले होते."

सिस्टरांनी तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. "बांधून ठेवल्यात," त्या म्हणाल्या. "चहा घेतेस? साखर कमी आहे, पण गरम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सगळे तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जमले. विमा कंपनीकडून डॉक्टर अपेक्षा गोडांबे आल्या होत्या. पस्तिशीच्या, चष्म्याआड थकलेले डोळे, आठवड्यातली ही तिसरी चौकशी. तांगडे साहेबांनी बिस्किटं मागवली होती. सिस्टरांनी चादरीत बांधलेल्या आठ महिन्यांच्या वह्या टेबलावर ठेवल्या आणि गाठ सोडली. उत्कर्षा कोपऱ्यात कॉम्प्युटरशी बसली.

डॉक्टर गोडांबेंनी ऑगस्टची वही उघडली. एका बाजूला वही, एका बाजूला पडदा. बोट ओळीवरून फिरत राहिलं. मग त्या थांबल्या.

"ह्या रेघा कशाला?"

"मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून."

"वहीत वाफ कुठंच नाही. कॉम्प्युटरमध्ये वीस वेळा आहे. तिथं रेघ नाही मारली?"

"तिथं कशी मारायची ते मला कुणी शिकवलं नाही," सिस्टर म्हणाल्या.

गोडांबेंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. तांगडे साहेब पुढं सरसावले. "मॅडम, सिस्टर आमच्या फार जुन्या. फार प्रामाणिक. पण वय कुणाला चुकलंय? ही घ्या, त्यांची लेखी कबुली तयार आहे. सही तेवढी बाकी आहे." त्यांनी कागद सिस्टरांपुढं सरकवला, वर पेन ठेवलं.

सिस्टरांनी चष्मा लावला. कागद शेवटपर्यंत वाचला. मोठ्यानं वाचला, खाटेशी उभं राहून वाचायच्या तसा, शब्दाशब्दाला थांबून. 'सर्वस्वी जबाबदार आहे'पाशी आल्यावर कागद खाली ठेवला.

"ह्याच्यावर सही करणार नाही. ह्यात लिहिलंय की नोंदी मी केल्या. मी केल्या नाहीत."

"लॉगिन तुमचं आहे," गोडांबे म्हणाल्या.

"आहे. पासवर्डही माझा. तो मी चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती माझी चूक, ती मी माझ्या हातानं लिहून देते, त्याची शिक्षा द्याल ती घेते."

"बघा! दिला होता!" तांगडे म्हणाले.

"मग ह्या खोट्या नोंदी कुणी केल्या?" गोडांबेंनी सिस्टरांना विचारलं.

"ते मी पाहिलं नाही, डॉक्टर. न पाहिलेली एक सुई मी कधी कागदावर आणली नाही. माणूस कसा आणू?"

"चिठ्ठी कुणाला दिलीत, ते तर पाहिलंत ना?"

खोलीत पंखा फिरत होता. वहीची पानं हलत होती, रेघांरेघांची. सिस्टरांनी चष्मा काढला, पदराला पुसला. उत्कर्षाकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"ते पाहिलं. विचारलंत तर सांगावं लागेल, मला खोटं येत नाही," त्या म्हणाल्या. "पण पाच मिनिटं थांबा. त्या माणसाला स्वतःचं तोंड आहे. तोवर चहा घ्या, निवतोय."

डॉक्टर गोडांबेंनी घड्याळाकडं पाहिलं, सिस्टरांकडं पाहिलं, आणि खरंच कप उचलला.

पाच मिनिटं म्हणजे किती असतात, हे उत्कर्षाला त्या दिवशी कळलं. पहिल्या मिनिटात तिनं तांगडे साहेबांकडं पाहिलं. त्यांनी हळूच मान डावीकडून उजवीकडं हलवली आणि बिस्किटांची बशी तिच्या दिशेनं सरकवली. तिला मार्च महिना दिसला, पर्मनंटचं पत्र दिसलं, घरात औषधाची पाकिटं मोजत बसलेले नाना दिसले. बोलली तर नोकरी जाणार हे नक्कीच. पुढं पोलिसात नाव जाईल की नाही एवढंच नक्की नव्हतं. गप्प राहिली तरी सिस्टर पाच मिनिटांनी तिचं नाव घेणारच होत्या. मग फरक तो काय? फरक एवढाच, की ते नाव सिस्टरांच्या तोंडून आलं तर ते उघडकीला आणलेलं असणार. आणि तांगडे लगेच म्हणणार, म्हातारी स्वतःला वाचवायला पोरीवर ढकलते आहे. बत्तीस वर्षांच्या बाईचा शब्द एका बाजूला आणि हिचं गप्प बसणं दुसऱ्या बाजूला, असं ते तोललं जाणार. सिस्टरांना हे कळत नव्हतं असं थोडंच होतं? तरी त्यांनी ही पाच मिनिटं स्वतःच्या पदरातून काढून दिली होती.

चौथ्या मिनिटाला कुठंतरी खाली स्ट्रेचरचं चाक करकरलं. तिला बरगडीखाली दाबून धरलेला एक हात आठवला.

उत्कर्षा उठून उभी राहिली. खुर्ची मागं भिंतीवर आपटली.

"बस, बस, कॉम्प्युटर बंद झाला का?" तांगडे साहेब घाईनं म्हणाले.

"नाही सर, चालू आहे." ती डॉक्टर गोडांबेंकडं वळली.

"मॅडम, चिठ्ठी माझ्याकडं होती. वाफ मी लिहिली. ज्ञानदेवांची वीसच्या वीस, आणि फिजिओथेरपी, मॉनिटर, हातमोजे, इंजेक्शनं, सगळं मीच. तांगडे सरांनी सांगितलं म्हणून लिहिलं, पण बोट माझं होतं. आणि सिस्टरांच्या नावावर लिहिलं, कारण त्यांच्या नावावर कुणी संशय घ्यायचं नाही, हे मला इथं सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. असे आणखी एकतीस पेशंट आहेत. नावं सांगते, लिहून घ्या."